भीड म्हणजे नक्की काय? लाज, संकोच, मुरवत की आणखी काही?

निंबोणी

मंडळी, गेले आठ दिवस एक शब्द डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

आई (वय ७८) घरात घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. रात्री वॉर्डात नातेवाइकांना थांबू देत नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी सातला पोचले, नऊला ऑफिस गाठायचं होतं. बघते तर आई ओठ मिटून छताकडे बघत पडलेली. रात्री दोनपासून तिला बेडपॅन हवं होतं. उशाशी घंटेचं बटण, हात पोचेल असं. पाच तास दाबलं नाही. "का गं?" विचारलं तर म्हणाली, "भीड वाटली."

आधी चिडले. मग विचार करत बसले. लाज म्हणावं तर आदल्या दिवशी त्याच नर्सने तिचं सगळं केलं होतं आणि दोघी हसत बोलत होत्या. भीती? छे, आई कुणाला घाबरणारी नाही. 'कुणाला त्रास नको' हा चांगुलपणा म्हणावा, तर तो स्वतःवर इतका अन्याय करणारा का?

ऑफिसातल्या हिंदी भाषक मैत्रिणीला सांगायला गेले आणि तोंडातून निघून गेलं, "माँ को भीड़ लगी." ती म्हणाली, "वॉर्ड में इतने लोग थे?"

तर तुमच्या मते भीड म्हणजे काय? आणि ती चांगली की वाईट?

उगाच_एक

हिंदीत भीड व्हायला शंभर माणसं लागतात, मराठीत एक पुरतो. आईंना लवकर बरं वाटो.

मीच_तो_भिडे

आडनावावरून आमच्या घराण्याकडे या विषयाचे हक्क असावेत असं वाटेल, पण घरात कुणालाच भीड नाही. आजी पाहुण्यांना सरळ विचारायची, "निघणार कधी?"

कोशकिडा

निंबोणी, शब्द कुठल्या क्रियापदांसोबत नांदतो ते पाहिलं की त्याचा स्वभाव कळतो.

लाज वाटते, येते, जाते. लाज सोडता येते, राखता येते, आणता येते, आणि दुसऱ्याची काढताही येते. म्हणजे लाज ही जवळ बाळगायची वस्तू आहे, अब्रूसारखी. भीड मात्र कुणी कुणाची काढत नाही. भीड पडते, वाटते, चेपते, मोडते. "मला त्यांची भीड मोडवेना" म्हणतो, "लाज मोडवेना" नाही म्हणत. जे मोडायला जीवावर येतं ते दोघांच्या मधे असतं, एकाच्या आत नसतं.

सोपी परीक्षा: अंधाऱ्या खोलीत एकटे बसा आणि वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी आठवा. लाज वाटेल, कान तापतील. भीड वाटणार नाही. तिला समोर माणूस लागतो, निदान त्याची चाहूल तरी. संकोच या दोघींहून वेगळा, मूळ संस्कृत अर्थ आक्रसणं, आखडणं. म्हणून वर्तमानपत्रात 'हक्कांचा संकोच' होतो. तिथे हक्क लाजलेले नसतात, कुणीतरी त्यांना आवळलेलं असतं.

आणि 'भीडमुरवत' ही जोडी 'कागदपत्र', 'बाजारहाट' यांच्या जातीची आहे. एक शब्द इकडचा, एक फारसीतून आलेला. मुरवतीचं मूळ अरबी, त्याचा मूळ अर्थ मर्दपणा. मर्दपणापासून निघून मराठीत येईपर्यंत ती 'नाही म्हणता न येणं' झाली, हा प्रवास मला फार आवडतो.

उगाच_एक

@कोशकिडा मर्दपणापासून 'नाही म्हणता न येणं' इथवरचा प्रवास मी लग्नानंतर पाच वर्षांत केला.

सिस्टरमाई

बावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यातली निम्मी रात्रपाळी. निंबोणी, रागावू नकोस पण तुझ्या आईसारख्या पेशंटची आम्हाला सगळ्यात जास्त काळजी असते. दर दहा मिनिटांनी घंटी वाजवणाऱ्याचा वैताग येतो, खरंच येतो. पण तो कुठे आहे, कसा आहे ते कळत असतं. न मागणारा माणूस काय करतो? पाणीच कमी पितो, म्हणजे मागायची वेळ येणार नाही. मग लघवीचा जंतुसंसर्ग, म्हाताऱ्या माणसांना त्यातून कधीकधी भ्रमसुद्धा होतो. नाहीतर पहाटे तीनला एकटाच उठायला जातो आणि पडतो. नवीन बसवलेल्या खुब्यावर पडणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आम्हाला त्रास नको म्हणून जे करतात, त्यानेच आमचं काम चौपट होतं. मी हल्ली पाळी सुरू झाली की स्वतःच विचारत फिरते. "काही हवंय का?" असं नाही विचारत, त्याला सगळे "काही नको" म्हणतात. "बेडपॅन आत्ता देऊ की अकराला?" असं विचारते. मग 'नको'ची सोयच राहत नाही.

मृद्गंध

सिस्टरमाई, शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा. आमच्या सासूबाईंवर आजच प्रयोग करते.

कंसातला

सगळे भिडेला झोडपायला बसलेत म्हणून मी विरुद्ध बाजूने बोलतो. भीड नसलेली माणसं पाहिली आहेत का? "मी बाबा तोंडावर बोलतो, मनात काही ठेवत नाही" असं म्हणणारा माणूस कधी कुणाचं तोंडावर कौतुक करताना दिसलाय? तोंडावर फक्त वाईट बोलतो. याला आपण निर्भीड म्हणून डोक्यावर घेतो.

मला वाटतं भीड म्हणजे समोरचा खरा आहे, त्यालाही थकवा येतो, त्यालाही झोप आहे, याची जाणीव. निंबोणीच्या आईला पहाटे दोन वाजता ती होती. आपल्यापैकी कितीजणांना असते?

पाटीपेन्सिल

@कंसातला माझ्या वडिलांना ती जाणीव भरपूर होती. त्याची गोष्ट सांगते.

मी नववीत होते. वडिलांचे एक मित्र संध्याकाळी घरी आले, पेढे घेऊन. कर्जाला जामीन हवा होता. आई आतून हाताने नको नको करत होती, मला दिसत होतं. वडिलांनाही मनातून नको होतं, ते नंतर दहा वेळा बोलले. पण माणूस दारात आला, शाळेपासूनचा मित्र, त्याच्या आईच्या हातचं जेवलेले. सही केली. दोन वर्षांत मित्राचा धंदा बसला आणि हप्ते आमच्या पगारातून कापले जायला लागले. मी अकरावीला सायन्स सोडून जवळच्या कॉलेजात गेले त्याचं कारण घरात कुणी कधी उच्चारलं नाही. मित्र पुढेही घरी यायचे. आणि वडील त्यांना चहा विचारायचे! पैशाचा विषय काढायचीसुद्धा भीड.

'भीड भिकेची बहीण' ही म्हण मला कुणी शाळेत शिकवायची गरज पडली नाही.

काळाकोट

पाटीपेन्सिल, वाचून वाईट वाटलं. ही गोष्ट मी दर महिन्याला नव्या तोंडातून ऐकतो. लोकांना वाटतं जामीन म्हणजे ओळखीची चिठ्ठी. भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. बँकेने आधी त्याच्याकडे जाऊन हात टेकले पाहिजेत अशी अट नाही. सरळ तुमच्याकडे येता येतं.

आणि पक्षकाराचं पुढचं वाक्य ठरलेलं: "वकीलसाहेब, मी भिडेखातर सही केली हो." त्याच अधिनियमात कलम १६ आहे, गैरवाजवी प्रभावाबद्दल. पण त्यासाठी समोरचा तुमच्या इच्छेवर हुकमत चालवू शकेल अशा जागी होता आणि त्याने त्या जागेचा गैरफायदा घेतला हे दाखवावं लागतं. नुसती भीड पडली, हे कोर्टात चालत नाही. पेढे तर नाहीच नाही.

कंसातला

@पाटीपेन्सिल, तुमच्या वडिलांबद्दल वाचून माझा आधीचा प्रतिसाद थोडा पोरकट वाटतोय. पण शब्द मागे घेत नाही. त्या मित्रालाही भीड असती तर तो पेढे घेऊन आलाच नसता. एकाला भीड असणं हा अपघात, दोघांना असणं ही सभ्यता.

पाटीपेन्सिल

वाक्य छान आहे. हप्ते मात्र एकालाच भरावे लागले.

जुनं_खोड

तरुण मंडळी एका अर्थाला विसरली आहेत. आमच्या लहानपणी भीड ही खर्च करायची गोष्ट होती. माझे आजोबा गावात वजन असलेले. कुणी मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायला सांगितला की म्हणत, "तुझ्या पोरासाठी मी माझी भीड खर्च करणार नाही, आधी त्याला नीट शिकू दे." किंवा, "अमक्याने फार भीड घातली म्हणून गेलो." म्हणजे ज्याला भीड वाटते त्याच्याकडे ती नसतेच, ज्याची वाटते त्याच्या खात्यात जमा असते! पाटीपेन्सिलताईंच्या वडिलांच्या मित्राने आपली सगळी शिल्लक एका संध्याकाळी काढली, असं समजा.

अवांतर: हल्ली यालाच 'ओळख वापरणे' म्हणतात. ओळख वापरली तरी संपत नाही, भीड संपायची. त्यामुळे लोक जपून वापरत.

कोशकिडा

@जुनं_खोड हे मी लिहायला हवं होतं आणि सुचलं नाही. दंडवत.

नको_म्हणाले_ना

'भिडस्त' शब्दाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात मावशीने माझी ओळख "मुलगी जरा भिडस्त आहे" अशी करून दिली. गुण म्हणून. त्याच घरात माझ्या भावाबद्दल "फार भिडस्त आहे हो, कसं व्हायचं याचं" असं काळजीने बोललं जायचं. एकच शब्द, मुलीला दागिना आणि मुलाला आजार.

आणि गंमत बघा, मी भिडस्त वगैरे अजिबात नव्हते. फक्त त्या दिवशी घसा बसला होता.

मीच_तो_भिडे

घसा बसल्यामुळे जमलेली लग्नं हा वेगळा धागा होऊ शकतो.

शिळाप्रेस

कंसातला यांनी 'निर्भीड'ची टिंगल केली म्हणून थोडं. हिंदीत 'निर्भीक' आहे, तो भीतीवरून, म्हणजे न भिणारा. आपण निर्भीडही त्याच अर्थाने वापरायला लागलोय. पण न भिणारा वेगळा आणि भीड न ठेवणारा वेगळा. वाघाला न घाबरणारा माणूस मेहुण्याला उसने पैसे परत मागू शकत नाही, अशी उदाहरणं घरोघरी आहेत.

आता खरा मुद्दा. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं, तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी छापल्या होत्या:

काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजोनी नव्हे हित ॥

भीड आणि लाज, आपले दोन्ही शब्द चार चरणांत आले आहेत. आपण इथे भीड म्हणजे नाजूक मनाची खूण असं धरून बोलतोय. पण ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या भीड लादली गेली, रस्त्याच्या कडेने चाला, आवाज खाली ठेवा, मागू नका, त्यांच्यासाठी ती शालीनता नव्हती. म्हणून मला भिडेची दिशा बघावीशी वाटते. ती नेहमी खालून वर जाते. साहेबाला शिपायाची भीड पडली असं कुणी ऐकलंय?

जुनं_खोड

शिळाप्रेस, ओळी इथे आणल्यात हे फार बरं केलंत. पण 'नेहमी खालून वर' पटत नाही. मला आज नातसुनेची भीड वाटते. ती पंचविशीची, मी एक्याऐंशीचा, घर माझ्या नावावर. तरी चष्मा सापडत नसेल तर तिला हाक मारण्याआधी मी दोनदा स्वतः शोधतो. मुलाला मात्र बिनदिक्कत ओरडून बोलावतो.

शिळाप्रेस

काका, तुम्ही मला अडचणीत आणलंत. मग असं म्हणतो: ज्याला गरज आहे त्याच्याकडून, ज्याच्याकडे देण्यासारखं काही आहे त्याच्याकडे. घर नावावर असून उपयोग नाही, चष्मा तिला दिसतो.

मीच_तो_भिडे

माझी व्युत्पत्ती: भीड 'भिडणे' वरून. दोन माणसं इतकी जवळ येऊन भिडतात की हलायला जागा उरत नाही. पुरस्कार कुठे घ्यायला येऊ?

कोशकिडा

पुरस्कार देण्याआधी कोश चाळावे लागतील. पण कल्पना म्हणून वाईट नाही, मुळात हिंदीतली गर्दीही तिच्यात बसते.

दूरदेशी

जपानमध्ये सहा वर्षं आहे. इथे 'एन्-र्‍यो' असा शब्द आहे. लिहिताना दोन चिन्हं, एक 'दूर' आणि दुसरं 'विचार'. लांबचा विचार करणं. त्यातून अर्थ झाला हात आखडता घेणं, मागायचं टाळणं. यजमान म्हणतात 'गो-एन्-र्‍यो नाकु', म्हणजे भीड बाळगू नका, घ्या. आणि तोच शब्द पाट्यांवर असतो, इथे फोनवर बोलणं, धूम्रपान वगैरे बाबतीत 'एन्-र्‍यो' ठेवा, म्हणजे सरळ मनाई! पहिले दोन महिने मला वाटायचं की हे लोक धूम्रपान करणाऱ्यांना लाजायला सांगतायत.

सरंजामी काळात याच नावाची एक शिक्षाही होती. सामुराईने दार लावून घरात बसायचं, उघड बाहेर पडायचं नाही. आपल्याकडे भिडस्त माणूस ती शिक्षा आपणहून भोगतो.

मृद्गंध

दूरदेशी, मस्त माहिती. मराठीत पाटी करून बघितली: 'कृपया येथे थुंकण्याची भीड बाळगावी.' चालेल का?

उगाच_एक

पाटी चालेल. थुंकणारे निर्भीड आहेत.

कोशकिडा

चाणक्यनीतीत एक श्लोक आहे, त्याचा शेवट 'आहारे व्यवहारे च त्यक्तलज्जः सुखी भवेत्'. पैशाधान्याच्या देवघेवीत, विद्या मिळवताना, जेवताना आणि व्यवहारात लाज सोडणारा सुखी होतो. लोक पानावर बसताना फक्त 'आहारे' म्हणतात, वाढायला आग्रह म्हणून. 'व्यवहारे' कुणी उच्चारत नाही, कारण समोर जामीन मागणारा बसलेला असू शकतो.

पण श्लोकात लज्जा आहे, भीड नाही, आणि माझं म्हणणं तेच आहे. लाज तुम्ही एकट्याने सोडू शकता. भीड चेपायला दोघं लागतात. चेपते ती सवयीने, किंवा समोरच्याने चेपायला जागा दिली म्हणून. सिस्टरमाई "आत्ता देऊ की अकराला" विचारतात तेव्हा त्या नेमकं हेच करतात.

कंसातला

+१. आणि आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? निंबोणी, आई कशा आहेत? तुम्ही धागा काढून गायबच झालात.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. आई घरी आली आहे, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते. सिस्टरमाईंचा प्रश्न मी रोज वापरते आहे, चालतोय.

काल रात्री तिला हा अख्खा धागा वाचून दाखवला. भिडेंच्या आजीला खूप हसली. पाटीपेन्सिलच्या वडिलांपाशी गप्प झाली, मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी पण एक सही केलेली, तुला माहीत नाही." तो विषय मी पुन्हा कधीतरी काढेन. एवढ्या लोकांनी तिच्याबद्दल लिहिलं हे कळल्यावर म्हणते कशी, "त्यांना म्हणावं, कशाला उगाच त्रास घेतलात."

मग मी विचारलं, "पण आई, त्या नर्सची इतकी कसली गं भीड?"

"नर्सची कुठे म्हटलं मी? ती पोरगी टेबलावर डोकं टेकून झोपली होती. तिला काय उठवायचं, दिवसभर राबलेली. ते वेगळं. आणि नंतर ती उठली, येऊन विचारून पण गेली. तेव्हा साडेपाच झाले होते. म्हटलं आता सातला तू येशीलच."

"मग सात वाजता मला का नाही लगेच सांगितलंस? मी दहा मिनिटं औषधांच्या पावत्या लावत बसले होते."

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तू आलीस तशी घड्याळात बघत होतीस."

कोशकिडा, तुमच्या परीक्षेत समोर माणूस लागतो म्हणालात ना. तो मी होते.

सिस्टरमाई

निंबोणी, घड्याळ आम्ही सगळेच बघतो गं. फिजिओथेरपी चालू केली का? पहिले सहा आठवडे चुकवू नका, आणि उंच खुर्ची आण तिला बसायला.

निंबोणी

आणली माई. कालच. तिनेच मागितली.